फोटोखालची खुर्ची

कार बुक केली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी मारोतराव आणि सुवर्णाबाईंच्या गळ्यात हार घातले, हातात पुठ्ठ्याची भली मोठी चावी दिली आणि फोटो काढला. पुढे फायनान्सवाल्यांनी लोन नामंजूर केलं. फोटो मात्र शोरूमच्या भिंतीवर तसाच राहिला.

तेव्हापासून इचोड्याचं भाजीचं दुकान बायकोवर टाकून मारोतराव बुकिंगचे पैसे परत मागायला आदिलाबादला येतात. पाय आता आपोआप त्या फोटोखालच्या खुर्चीकडे वळतात. पाणी मिळतं, चहाही मिळतो, पैसे तेवढे मिळत नाहीत. आज मॅनेजरनं नवीनच सांगितलं, "अंकल, वही गाडी दूसरा कोई बुक करा, तो आपका पैसा उसी दिन वापस."

दुपारी एक जोडपं आलं. त्याच गाडीभोवती घुटमळलं. नवऱ्यानं भिंतीवरचा फोटो पाहिला, खाली बसलेल्या मारोतरावांना पाहिलं आणि जवळ आला.

"काका, हा फोटो तुमचाच होय ना? आमचं किराण्याचं लहानसं दुकान हाय. आमच्यासारख्याले लोन भेटते का इथं? बुकिंगचे पैसे अडकून बसतीन म्हणून भेव वाटून राह्यलं."

पलीकडे मॅनेजरचं टायपिंग थांबलं.



"भेटते ना," मारोतराव म्हणाले, आणि उठून त्यांनी आपली खुर्ची त्याला बसायला दिली.