मागचं वल्हं

ज्योत्स्नाचे दंड भरून आले होते. नदीवर भाड्याने घेतलेल्या कयाकमध्ये ती पुढे, नवरा मागे. तो वल्हं मारतो की नुसता बसतो, हे कळायला मार्ग नव्हता. संसारातही कधी नव्हता. समुद्र दिसायला लागल्यावर तिने वल्हं मांडीवर घेतलं. ओढू देत एकट्यानेच.

कयाकचा वेग उलट वाढला. तिला जरा बरं वाटलं.

"दमला असाल, थांबा आता," ती म्हणाली.

"मी कधीचाच थांबलोय. मला वाटलं, तू मारतेयस."

ओहोटी लागली होती. ती लागायच्या आत माघारी फिरा, असं कयाकवाल्याने बजावलं होतं. दोघांनीही ते एकमेकांवर सोडलं होतं.

समोर लाटा फुटत होत्या. तिने वल्हं उचललं आणि मागचं वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज येण्याची वाट पाहत ती तशीच थांबली.

मागेही शांतता होती.