पन्नास किलोंचा शर्ट

"सत्तेचाळीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मास्तर, पंधरा दिवसांत वजन तसूभरही हललेलं नाही."

"काटा बिघडलाय," वजनकाट्यावरून उतरत शिंपीमास्तर म्हणाले.

न्यूमोनियातून उठलेल्या मास्तरांना एकच अट होती. पन्नास किलो भरल्याशिवाय शिलाई मशीनला पाय लावायचा नाही. रोज पाचशे कॅलरी जास्त खायच्या, शिवाय दुधातून दोन चमचे प्रोटीन पावडर.

"पावडर ही नुसती जोड. वजन वाढतं ते जेवणानं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"कॅलरी मोजायच्या कशानं? टेपनं?"

बायकोने त्यांना कोपराने ढोसलं.

घरी आल्यावर मात्र त्यांनी पावडरचा डबा लांब सारला. "मशीन विकून टाकू. या अंगाला आता काही लागत नाही."

मशीन गेलं की हा माणूस अंथरूण धरणार, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी मास्तर घोरत असताना तिने त्यांचा निळा शर्ट उलटा केला. एकेकाळी अंगासरसा बसणारा शर्ट आता खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. कुशींच्या शिवणीत भरपूर माया सोडलेली होती. माया म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड. 'माणूस कधी अंग धरेल सांगता येत नाही,' असं मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

ती काजं-बटणं झकास करायची, पण सरळ शिवण तिला उभ्या जन्मात जमली नव्हती. तिची चूक दिसली की मास्तर कापडावरच खडूने शेरा मारायचे आणि वर तारीख टाकायचे. तरीही तिने धीर करून दोन्ही कुशी बोटभर आत घेतल्या.

रविवारी मास्तरांनी शर्ट चढवला. पोटावरचं बटण लागेना.

त्यांनी आरशात पाहिलं. कुशीवरून हात फिरवला.

"अगं," ते म्हणाले, "काटा खरंच बिघडलाय. आण तो डबा इकडे."

त्या दिवसापासून मास्तर ताटावर आडवा हात मारू लागले. अंडी, केळी, मूठभर शेंगदाणे, पावडरचं दूध, आणि वर "अजून वाढ." निळा शर्ट ते कुणाला धुवायलाही देईनात. "मापाचा आहे, आटेल," म्हणत स्वतःच कपाटात ठेवायचे. दर रविवारी तो अंगात घालायचे आणि घट्ट झाला म्हणून घरभर मिरवायचे. बायको मनातल्या मनात हसायची. चाळीस वर्षं मुरलेल्या शिंप्याला तिने शिवणीतच गंडवलं होतं!

सहा आठवड्यांनी मास्तर पुन्हा काट्यावर चढले, तेव्हा मात्र तिने डोळे मिटून घेतले. शर्ट खोटं बोलेल, काटा कसा बोलेल?

"पन्नास! आणि वर शंभर ग्रॅम!"

तिला एकदम रडू आणि हसू फुटलं. मास्तर तिथूनच थेट दुकानात गेले.

ती घाईने घरी आली. चोरी पकडली जाण्याआधी आपली शिवण उसवून टाकायला हवी होती. तिने कपाटातून शर्ट काढून उलटा केला.

तिची शिवण तिथे नव्हतीच. होती फक्त तिच्या वाकड्या टाक्यांची भोकं. त्यांच्यापासून काठाकडे, दोरा-दोरा सरकत गेलेल्या, सहा आठवड्यांच्या हातशिलाईच्या सहा सरळ रांगा, पाच उसवलेल्या आणि शेवटची शिवलेली. आणि वाकड्या रांगेशेजारी खडूने त्या पहिल्याच रविवारची तारीख टाकलेली होती. खाली शेरा होता:

"शिवण वाकडी. माया भरपूर."