चौथा रकाना

अकराव्यांदा धुऊनही चौथ्या रकान्यातला काळा पट्टा गेला नाही.

टेगनने प्रयोगाची फिल्म खिडकीशी धरली. बाहेर होबार्टच्या डोंगरावर ऊन पडलं होतं, त्यामुळे पट्टा आणखीच ठळक दिसला. तिसऱ्या रकान्यात तिचं प्रथिन होतं. त्याच्या अंगावर एक खोबण आहे, ती हजारो रेणूंतून नेमका एकच ओळखते आणि धरते, असं ती चार वर्षं सांगत आली होती. चौथ्यात नुसती शेपटी. प्रथिन बाकीच्या गाळातून ओढून काढता यावं म्हणून सगळेच त्याला ही शेपटी जोडतात आणि मग विसरून जातात. शेपटीने रेणूला धरायचं नसतं. रेणू धरला गेला तरच काळा पट्टा उमटतो, म्हणजे चौथा रकाना कोरा यायला हवा होता.

दोन्ही पट्टे सारखेच काळे होते. रेणू धरला होता तो शेपटीने. खोबणीने कधी कुणाला ओळखलंच नव्हतं.

"मीठ वाढवून धू गं," मागून नोलीन म्हणाली. ती प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायची.

"वाढवून पाहिलं. तेव्हा दोन्ही पट्टे गेले."

"मग डेस्मंडला सांग. गाइड आहे ना तुझा."

"त्याचाच निरोप आलाय. चौथा कोरा आला की पाठव, परीक्षकांना तेवढंच हवंय म्हणे. नऊ दिवसांत प्रबंध द्यायचाय, नोलीन. त्यात दुसरं काहीच नाहीये. ही एक खोबण आहे."

"चहा घे."

"चहानं काय होणारे?"

"काही नाही. गरम असतो."

टेगनने नमुने भरायच्या रकान्यांचं नवं जेल लावलं. पहिले तीन रकाने भरले. चौथ्यासाठी शेपटीची नळी उचलली, खाली ठेवली आणि शेजारची उचलली. तिच्यात नुसता निळा रंग होता, सगळ्याच नमुन्यांत मिसळतात तो. रंग दिसला की रकाना भरल्यासारखा वाटतो. फिल्मवर मात्र काही उमटत नाही.

नळाचा आवाज थांबला.

"नुसता रंग घातला की छान कोरा येतो," नोलीन म्हणाली. "माझाही आला होता."

टेगन वळली नाही. "तुझा?"

"याच ओट्यावर. एकोणतीस वर्षं झाली. पदवीपण मिळाली."

"मग कुणी पकडलं?"

"कुणीच नाही," नोलीन म्हणाली आणि पुढची बाटली विसळायला घेतली.

पिपेटच्या टोकाशी निळा थेंब लोंबत राहिला. खाली पडेना, आणि टेगनला तो वरही ओढवेना.