चौघांतला एक

खुर्चीवर बसण्याआधी मनोहररावांनी ती रुमालानं पुसली. मग रुमालाकडं बघितलं आणि तो खिशात न ठेवता दोन बोटांत लोंबता धरला.

धरमपेठेतल्या शोभाताईंच्या गॅरेजात ‘ऑरेंज थंडर’ची तालीम चालायची. चार पोरं, दोन गिटारी, एक ड्रमसेट. कोपऱ्यात चिवड्याचे कागद, वर मुंग्यांची ओळ.

“आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तुमचा प्रोग्राम ठेवावा म्हणतो,” मनोहरराव म्हणाले. “पहिले जरा ओळख होऊ द्या.”

हे खोटं होतं. खरं काल सकाळी घरात झालं होतं. एकुलत्या एक लेकीनं, एम. ए. झालेल्या आणि तीन स्थळं नाकारलेल्या शामलानं, सांगून टाकलं होतं, “या बँडमधल्या एकाशी लग्न करीन. कोणाशी, ते आज सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही माणूस बघायचे नाही, बाबा. आधी चौघांना बघून या.”

म्हणून ते आले होते. 

ड्रमवाला लहानू महाल भागातला. बापाचा लग्नातला वाजंत्री ताफा होता. त्याच्या गालात खर्रा होता आणि पायाशी डालड्याचा डबा. दर चार ठोक्यांनी तो डब्यात थुंकायचा, तेही अगदी तालात.

“चुकत नाही गा तुझं,” मनोहरराव तोंड वळवून म्हणाले.

“बाराव्या वर्षापासून वाजवून राहिलो काकाजी. थुंकणंही तेव्हापासूनच.”

दुसरा गुणवंता, नरखेडच्या संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा. त्याची निळी पँट गुडघ्यावर काळी पडून चकाकत होती.

“किती दिवसांची आहे?”

“सात महिन्यांची. धुतली की गिटारीवरचा हात बिघडतो माझा.”

“आणि आंघोळ?”

“प्रोग्रामच्या दिवशी करतो ना!”

तिसरा ओमप्रकाश, इतवारीतल्या कापडदुकानातला. त्याच्या उजव्या करंगळीचं नख बोटभर वाढलेलं, पिवळं. त्या नखानं तो गिटार छेडायचा. गाणं थांबलं की तेच नख कानात फिरवायचा, उजेडात धरून बघायचा आणि मग तेच चिवड्यात घालायचा.

“घ्या ना काकाजी, ताजा आहे.”

“उपास आहे,” मनोहरराव म्हणाले.

देवा, हा नको. तो नको. तोही नको.

चौथा भिंतीपाशी उभा होता. पांढरा सदरा, कडक इस्त्री, विंचरलेले केस. हा गाणारा. नाव वसंत. बोलण्याआधी त्यानं मनोहररावांना वाकून नमस्कार केला होता.

“आडनाव?”

“वानखेडे.”

“गाव?”

“काटोलजवळचं. वडील रेल्वेत आहेत, अजनीला.”

मनोहररावांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांच्या सख्ख्या मावशीचं सासर काटोलच्या वानखेड्यांचं. छातीवरचा धोंडा जरासा हलला.

शोभाताई चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये चार कप होते.

“एक कमी आहे,” मनोहरराव म्हणाले.

“वसंत घेत नाही,” शोभाताई ट्रेकडं बघत म्हणाल्या. “त्याचं तो आणते.” आणि लगबगीनं निघून गेल्या.

वसंतनं झोळीतून फिरकीचा तांब्या काढला, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला पेला काढला.

“काहून गा? इथलं पाणी चालत नाही?”

“नाही, काका.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्या दिवशी इथल्याच पेल्यात प्यालो होतो. मग सोडलं.”

“घरची शिकवण दिसते.”

“हो,” वसंत म्हणाला. “आईची.”

तेवढ्यात लहानूनं गालातला खर्रा काढून झांजेच्या कडेवर ठेवला, चहा भुरकला आणि खर्रा परत गालात सरकवला. उरलेला अर्धा कप गुणवंतानं संपवला. मनोहररावांनी मान वसंतकडं वळवली. या उकिरड्यात हे पोरगं आपलं सोवळं सांभाळून राहते, त्यांना वाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“एक म्हण बेटा. इंग्रजी नको.”

वसंतनं डोळे मिटले. जात्यावरची चाल होती. गिटारीच्या तारांवर ती नवी सून उंबऱ्यावर यावी तशी बिचकत आली.

गावाच्या हिरीचं पाणी निळं निळं
माझ्याच घागरीले काहून लागे वेळ

लहानूनं थुंकणं थांबवलं. ओमप्रकाशचं नख हवेतच राहिलं.

“सासुरवाशिणीचं दुःख,” मनोहरराव सुस्कारले. “कोणाचं आहे?”

“आईचं. तिनंच जुळवलेलं.”

घरी आल्यावर त्यांनी आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. शामला टॉवेल घेऊन उभी होती. तिची आई स्वयंपाकघराच्या दाराशी.

“पाहिले तुझे चार नग,” ते म्हणाले. “पहिले तीन म्हणजे नुसती घाण. त्यातला कोणी असला तर या घरात पाय ठेवू नको.”

शामलानं टॉवेल पुढं केला. “आणि चौथा?”

“वसंत असला तर उद्या सुपारी फोडतो.”

“उद्या शब्द फिरवाल.”

“मी?” मनोहररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी शपथ. तुझ्या मायच्या देखत सांगून राहिलो. वसंत असला तर हे लग्न झालं. मग देवानं अडवलं तरी मी ऐकणार नाही.”

शामला वाकली. त्यांच्या पायांवर तिचे दोन गरम थेंब पडले.

“वसंतच आहे, बाबा.”

आई साखरेचा डबा घेऊन आली. मनोहररावांनी स्वतःच्या हातानं चिमूट लेकीच्या तोंडात घातली. कितीतरी दिवसांनी ते मोकळं हसले.

“उद्याच्या उद्या जोशीबुवांना बोलावतो. वैशाखातला मुहूर्त काढू.”

“जोशीबुवा नकोत, बाबा,” शामला म्हणाली. “वसंतकडं लग्न विहारातले भन्ते लावतात.”