दीर्घिकेतलं चुंबक

कोराडीचा प्रीतम आईवडिलांसोबत ऋतुजाला बघायला हुडकेश्वरला आला. "बेटा, तू काम कायचं करते?" त्याच्या आईने, जयाबाईंनी विचारलं.

"दूरच्या दीर्घिकांमधलं चुंबकीय क्षेत्र शोधते, काकू. ते दिसत नाही. पण त्यातून येणाऱ्या लहरी थोडा पीळ खाऊन येतात, त्यावरून समजतं."

जयाबाई अर्धा चहा तसाच ठेवून उठल्या. पाहुणे गेल्यावर ऋतुजाची आई चिडली, "नुसतं 'कॉलेजात शिकवते' म्हणता नाही आलं काय वं तुले?"

संध्याकाळी जयाबाईंचा फोन आला.



"पोरगी पसंत हाय. लग्न लवकर काढा. आमचे हे रोज फिरायले म्हणून कुठं जातेत, थे मले आजवर समजलं नाही!"