सांध्याचा बूट

भैयाजी मिस्तरींनी गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरकत ते गाडीखाली गेले. गाडी लढाईत वापरलेली. लढाई कधीच संपली, हिरवा रंग तेवढा सुटला नव्हता. आता तिच्यात कापूस भरायचा. पुढची चाकं वळवली की आसाच्या सांध्यातून कटकट आवाज यायचा, जात्यात खडा सापडल्यासारखा. ड्रायव्हर श्रीधर चाकाशी उकिडवा बसून खाली वाकून पाहत होता. जांबच्या चौफुलीवर ऊन तापलं होतं आणि कडुलिंबाची सावली गाडीपासून हातभर लांबच थांबली होती.

“बूट कुठं हाय याचा?” खालून भैयाजींनी विचारलं.

सांध्याला चामड्याचा बूट असतो. ग्रीस आत राहावं, धूळ बाहेर राहावी, एवढ्यासाठी. या गाडीचा बूट फाटून गळून गेला होता. त्याच्या जागी काळं रबर गुंडाळलेलं, पट्टीवर पट्टी, वरून तारेचे वेढे.

गेल्या साली वाटेतच फाटला, मग हे बांधलं, आता मोच्याकडून नवा शिवून आणलाय, असं श्रीधरनं सांगितलं. भैयाजींनी तार कापली आणि वासराच्या पायावरची चिंधी सोडावी तशा हलक्या हातानं ते एकेक पट्टी सोडवू लागले. सायकलची ट्यूब आहे ही, ते कौतुकानं म्हणाले. ज्यानं बांधली त्याचं डोकं चांगलं. नाही तर सांधा केव्हाच खलास झाला असता. श्रीधर नुसता हसला. त्याला बरं वाटलं.

भैयाजींची बायको तानाबाई चहा घेऊन आली. एक कप तिनं श्रीधरला दिला, दुसरा चाकाजवळ ठेवला. बाजाराचा दिवस आहे, लवकर आटपा, तुमच्यासंगं पायी जायचं म्हणजे बाजार उठून जातो, असं तिनं गाडीखालच्या पायांना ऐकवलं.

“भैयाजी, मोटारीचे मिस्तरी तुमी, अन् बजाराले पायी काऊन?” श्रीधर म्हणाला. “एखादी सायकल तरी घ्या.”

“सायकलचं नाव नोका काढू त्यायच्यापुढं,” जाता जाता तानाबाई म्हणाली.

थोडा वेळ घासलेटात भिजवलेली चिंधी लोखंडावर फिरत राहिली. मग हात न थांबवता भैयाजी बोलायला लागले. गेल्या साली बापाचा निरोप आला होता, लवकर येजो म्हणून. गाव गिरडच्या पलीकडे. शेजारच्या नानाजींची सायकल मागून घेतली आणि निघाले. वाटेत गिरडची टेकडी दिसली. बापासाठी वर दर्ग्यात एक नारळ ठेवावा, असं मनात आलं. सायकल खाली चिंचेला टेकवली आणि चढून गेले. उतरून आले तर दोन्ही टायर चाकांवरून लोंबत होते. आतल्या ट्यूबा कोणीतरी काढून नेल्या होत्या.

श्रीधरनं कप खाली मातीत ठेवला.

त्याला ती चिंच दिसली. कापसानं भरलेली गाडी उन्हात उभी, फाटक्या बुटातून ग्रीस ठिबकतंय, हिंगणघाटचा बाजार गाठायचा आहे. झाडाला टेकलेली सायकल, आजूबाजूला चिटपाखरू नाही. परत येताना नव्या ट्यूबा इथंच ठेवून देऊ, असं त्यानं मनाशी म्हटलं होतं. परत येताना त्यानं दुसरा रस्ता धरला होता.

“मंग?” विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं.

मग काय, भैयाजी म्हणाले. उसनी सायकल वाटेत टाकून कसं जायचं? ती खांद्यावर घेतली आणि चालत राहिले. गावात शिरले तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. बुढा शेवटपर्यंत दाराकडं पाहत होता म्हणे. पोरगा आला का, विचारत होता.

“त्या चोराले तं…” श्रीधरनं सुरुवात केली.

“चोराचं काय घेऊन बसले, डायवरसाहेब,” भैयाजी म्हणाले. “त्यानं ट्यूबा नेल्या. पाय तं माह्ये माह्याजवळच होते. सायकल फेकून पळालो असतो, तं बुढा भेटला असता.”

मोच्याकडून शिवून आणलेला नवा बूट त्यांनी मागितला. श्रीधरनं तो चाकाआडून आत दिला. भैयाजींनी सांध्यात बोटांनी ग्रीस भरलं, वरून चामडं ओढलं आणि शाळेत जाणाऱ्या लेकराच्या पायात घालावा तसा तो बूट नाडी आवळून बांधला. मग बाहेर येऊन त्यांनी सोडवलेलं रबर घासलेटानं धुतलं. त्यातली सगळ्यांत लांब पट्टी निवडली, पुसली, घडी करून श्रीधरच्या हातात ठेवली.

“राहू द्या गाडीत. वाटेत कामी येते.”

श्रीधर गाडीत चढला. पट्टी मांडीवर ठेवून त्यानं गाडी सुरू केली, थोडी पुढं नेली आणि हातातलं चाक आधी या टोकाला, मग त्या टोकाला वळवलं. सांधा लोण्यातून फिरावा तसा फिरला. कुठं खडा नाही, कुठं कटकट नाही.

“येते का आवाज?” भैयाजींनी विचारलं.

श्रीधरनं मांडीवरच्या पट्टीवर हात ठेवला.

“येते,” तो म्हणाला.

“मले तं नाई आला.” तरी भैयाजींनी गोणपाट पुन्हा ओढलं, पाठ टेकली आणि ते गाडीखाली सरकले.

श्रीधरनं गाडी बंद केली. ट्यूबची घडी हातात घेऊन तो खाली उतरला आणि उघड्या मातीत पाठ टेकून त्यांच्या शेजारी आत सरकला.