सायकलवरचा नमस्कार

पुलापलीकडे हिरव्या तांब्याचा कळस दिसला आणि प्रमिलाबाईंचा उजवा हात हँडल सोडून सवयीनं वर गेला. मिरजेच्या आसपासच्या खेड्यांत नर्स म्हणून त्यांनी तीस वर्षं सायकल हाणली होती. वाटेत मारुतीचं देऊळ आलं की न उतरताच नमस्कार व्हायचा. परवाच त्या आपल्या मुलाकडे कोपनहेगनला आल्या होत्या. इथं चर्च असलं म्हणून काय झालं? देव तो देवच.

मागे कचाकच ब्रेक लागले.

त्या घाबरून थांबल्या. वळून पाहतात तो कामावर निघालेल्या वीसेक सायकली जागच्या जागी उभ्या! कोटवाले साहेब होते, सायकलला पुढे जोडलेल्या पेटीत दोन पोरं बसवलेली आई होती. कुणी घंटी वाजवली नाही की कपाळाला आठी घातली नाही.

"अहो आई, इथं हात वर केला की मी थांबतेय असा अर्थ होतो," पुढे गेलेली सून परत येत म्हणाली.

"म्हणजे माझ्या एका हातासाठी एवढे सगळे थांबले?"

तीस वर्षांत त्यांच्यासाठी रस्त्यावर कुणी थांबलं नव्हतं. ट्रकचा हॉर्न ऐकला की त्यांनीच चिखलात उतरायचं, पुढच्या गावात बाई अडलेली असली तरी.

"चला आई, जाऊ द्या त्यांना."

प्रमिलाबाईंनी सायकल कडेला घेऊन स्टँडवर लावली. मग कळसाकडे पाठ करून त्या रांगेला हात जोडले, आणि शेवटची सायकल जाईपर्यंत सोडले नाहीत.